माझ्या कॉम्प्युटरची बिलं

"यंत्र छान आहे गं. पण माल कुठं उतरला?"

परीक्षकांनी एवढंच विचारलं आणि माझ्या टेबलाभोवतीची सगळी माणसं हसली.

कॉलेजचं विज्ञान प्रदर्शन होतं. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. परीक्षक म्हणजे मुंबईच्या कारखान्यातून निवृत्त होऊन रत्नागिरीत परतलेले एक इंजिनिअर. गावात सगळे त्यांना साहेब म्हणत. संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर फिरायला निघाले की माणसं बाजूला होऊन नमस्कार करत.

माझ्या टेबलावर घरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. त्याच्यापुढे लाकडी खोक्यात बसवलेला की-बोर्ड आणि शेजारी कॅसेट रेकॉर्डर. सगळं मिळून कॉम्प्युटर. मी स्वतः सुटे भाग आणून जोडलेला. आकडा दाबला की टीव्हीवर त्याचा पाढा उमटायचा. मेमरी म्हणजे काय, कॅसेटमध्ये प्रोग्रॅम कसा राहतो, सगळं मी घरी आरशापुढे उभं राहून पाठ केलं होतं. साहेबांना त्यातलं काहीच नको होतं.

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, "उतरला म्हणजे, सर?"

"उतरला म्हणजे उतरला. तुमच्या खाडीत काय काय उतरतं ते मी सांगायला हवं का?"

परत हसू. मग त्यांनी माझ्या खांद्याच्या दिशेनं हात हलवला. "गंमत केली गं. मराठी मात्र छान बोलतेस हं तू."

माझं नाव वाचलं की लोकांना माझ्या मराठीचं कौतुक वाटायचं. मी रत्नागिरीत जन्मलेली. माझा आजा रत्नागिरीत पुरलेला. मराठी बोलू नको तर काय बोलू?

पण हे मी तेव्हा म्हटलं नाही. मी टेबलाखालून फाईल काढली. फाईलमध्ये प्रत्येक भागाचं बिल होतं.

इथं एक गोष्ट नीट सांगायला हवी. साहेबांनी बिलं मागितली नव्हती. मीच काढली. कुणी हात पुढे केला नव्हता, मीच फाईल पुढे केली. त्यांनी चष्मा लावला. खुर्ची मागवली. बसले. एकेक बिल उलटून पाहिलं. एक तर उजेडाला धरून पाहिलं. तोवर मी टेबलामागं उभी. माझ्या वर्गातल्या मुली बघतायत, प्रॅक्टिकलचे सर बघतायत, चहा देणारा शिपाई किटली घेऊन थांबलाय.

मग ते म्हणाले, "ठीक आहे. रीतसर दिसतंय सगळं."

मी म्हणाले, "थँक्यू, सर."

थँक्यू. कशाबद्दल? मी चोर नाही असं त्यांनी ठरवलं त्याबद्दल?

माझ्या शेजारचं टेबल मकरंदचं. त्याचे वडील वकील, काका सिंगापूरला. त्याच्यापुढे तयार कॉम्प्युटर होता. चकचकीत, त्याच्या परदेशी खोक्यासकट मांडलेला. खोक्यावरचं चित्रही लोक बघत होते.

साहेब तिकडे वळले. "अरे वा! काकांनी आणला वाटतं?"

"हो सर."

"जप हं. महागाची वस्तू आहे."

आणि पुढे गेले. बिल नाही, चष्मा नाही, खुर्ची नाही.

मी फाईल हातात धरून तशीच उभी होते.

आता ही फाईल कुठून आली ते सांगते.

भाट्याच्या खाडीच्या अलीकडे आमचा मोहल्ला. अब्बा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर इंजिन सांभाळायचे. माझा मोठा भाऊ, भाई, मस्कतला एसी दुरुस्त करायचा. आमच्याकडे घराघरातला कुणी ना कुणी आखातात. कुणी ड्रायव्हर, कुणी सुतार, कुणी जहाजावर. माणूस सुट्टीवर आला की सोबत काही ना काही आणणारच. ब्लँकेट, साबण, अत्तर, रेडिओ-टेप एकत्र असलेला टू-इन-वन. यात लपवण्यासारखं काय?

मी आठवीत असताना भाईनं टू-इन-वन आणला. विमानतळावर पैसे भरून, कागद घेऊन. अम्मानं त्यावर भरतकाम केलेलं कापड घातलं. पुढच्या पावसाळ्यात मोहल्ल्यात एक जीप आली. साध्या कपड्यांतली माणसं उतरली. किनाऱ्यावर कुठंतरी चोरटा माल उतरल्याची खबर होती म्हणे. त्यांनी घरं उघडून बघितली. आमच्याकडे तांदळाचा डबा जमिनीवर ओतला. अम्माच्या ट्रंकेतले कपडे एकेक करून बाहेर टाकले, आतलेसुद्धा. मी बघत होते. अम्मा भिंतीकडे तोंड करून उभी होती.

टू-इन-वनचा कागद विचारला. कागद सापडेना. अब्बांनी सगळं घर धुंडाळलं. सापडला नाही.

ते टू-इन-वन घेऊन गेले. ती माणसं कुठल्या खात्याची, हे अब्बांना शेवटपर्यंत कळलं नाही. चोरटा माल म्हणून मोहल्ल्यात कुणाकडेही काही मिळालं नाही. आमचा टू-इन-वन मात्र परत आला नाही.

तेव्हापासून अब्बा बिलं ठेवायला लागले. पंख्याचं बिल. छत्रीचं बिल. माझ्या सँडलचंसुद्धा बिल. दुकानदार म्हणायचा, "चाचा, सँडलचं बिल कशाला?" अब्बा उभेच राहायचे. बिल मिळाल्यावरच हलायचे.

कॉलेजात गेल्यावर मला कॉम्प्युटरचं वेड लागलं. कॉलेजात एकच होता, कुलपात. आठवड्यातून एकदा कुलूप उघडायचं आणि आम्ही मुली मागच्या रांगेत उभ्या राहून पुढच्या मुलांची डोकी बघायचो. मग लायब्ररीत एक मासिक सापडलं. घरच्या घरी कॉम्प्युटर कसा जोडायचा ते त्यात दर महिन्याला थोडं थोडं यायचं. कुठले भाग, कुठं काय जोडायचं, सगळं चित्रासकट. मी ते अंक वहीत उतरवून घेतले.

भाईला कळवलं. त्याचं उत्तर आलं, "तू कशाला त्रास घेतेस गो? इकडे सगळं स्वस्त मिळतं. चांगला प्रोसेसर, भरपूर मेमरी. सुट्टीला येताना घेऊन येतो. म्हणालीस तर तयारच आणतो."

मी अब्बांना वाचून दाखवलं. अब्बा जाळं शिवत बसले होते. सुई थांबली.

"परदेशी वस्तू घरात नको," अब्बा म्हणाले. "जे घ्यायचं ते हिंदुस्थानात घे. दुकानातून घे. बिलासकट घे."

त्या एका वाक्यानं माझा कॉम्प्युटर कसा होणार ते ठरलं. मासिकात लिहिलं होतं, भाग निवडताना वेग बघा, मेमरी बघा, पुढे वाढवता येईल का बघा. मी आधी बिल बघणार होते.

आम्ही दोघं एसटीनं मुंबईला गेलो. इलेक्ट्रॉनिक्सच्या भागांचा तो बाजार आधी कधी बघितला नव्हता. फळीएवढी दुकानं. कप्प्याकप्प्यांत चिपा, जशा आमच्याकडे वाण्याकडे लवंगा-वेलदोडे असतात. प्रोसेसर दोन तऱ्हेचे होते. एक वेगवान, बाहेरून आलेला, दुकानदारानं कागदात गुंडाळून काढला. दुसरा हळू चालणारा, पण कंपनीच्या डबीतला.

"पहिला घ्या," दुकानदार म्हणाला. "दुसऱ्यापेक्षा स्वस्तपण आहे."

"बिल मिळेल?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघायला लागला. मग अब्बांकडे, त्यांच्या टोपीकडे. "बिल कशाला पाहिजे? टॅक्सवाले तर नाही ना तुम्ही?"

इथंही संशय. बिल नाही म्हणून गावात संशय, बिल मागितलं म्हणून मुंबईत.

मी हळू चालणारा घेतला. जास्त पैसे देऊन कमी ताकदीची वस्तू घेतली. मेमरीच्या चिपांचं तेच. बिलासकटच्या चिपा महाग, म्हणून थोड्याच घेतल्या. एवढ्या थोड्या की मोठा प्रोग्रॅम त्यात मावायचाच नाही. ट्रान्सफॉर्मर, सर्किटचा बोर्ड आणि बोर्डावर बसवायची आधीच प्रोग्रॅम भरलेली चिप एका दुकानात मिळाली. की-बोर्ड नवा परवडेना. एका भंगारवाल्याकडे जुन्या यंत्राचा निघालेला मिळाला, दोन बटणं नसलेला. भंगारवाला बिल देईना, त्याच्याकडे बिलबुकच नव्हतं. अब्बा त्याच्या दारातून हलेनात. शेवटी वैतागून त्यानं वहीचं पान फाडलं, त्यावर लिहिलं आणि खाली अंगठ्याएवढा शिक्का मारला.

येताना एसटीत अब्बांनी ते सगळं तांदळाच्या पिशवीत, कपड्यांखाली ठेवलं. बिलं मात्र सदऱ्याच्या आतल्या खिशात. प्रत्येक थांब्यावर त्यांचा हात छातीकडे जायचा. कंडक्टर जवळ आला की मलाही वाटायचं, आता हा पिशवी उघडायला सांगणार. बिलं जवळ असलेली माणसं आम्ही. तरी चोरासारखी बसलो होतो.

जोडायला महिने लागले. सोल्डरिंग आयर्न प्रॅक्टिकलच्या सरांनी दिलं. चांगले होते ते. अडलं की समजावून सांगायचे. पण मी प्रयोगशाळेतून निघाले की ते चिपांचा ड्रॉवर उघडून बघायचे. एकदा मी दारात चप्पल घालायला वाकले तेव्हा मला दिसलं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम रेंगाळले. मकरंद निघाला, ड्रॉवर उघडला नाही. मी निघाले, ड्रॉवर सरकल्याचा आवाज आला. तरी मी स्वतःला सांगितलं, योगायोग असेल.

मग तो चालू झाला. टीव्हीवर एक पांढरा ठिपका लुकलुकायला लागला. मी माझं नाव टाइप केलं. एका अक्षराचं बटण नव्हतं, म्हणून नाव अर्धवटच उमटलं. अम्मा ते बघून रडली. अब्बा म्हणाले, "बिलं कुठं ठेवलीस?"

प्रदर्शन झालं. निकाल लागला. पहिला नंबर मकरंदचा, दुसरा माझा. दोघांनाही कोल्हापूरच्या मोठ्या प्रदर्शनाला पाठवणार असं फळ्यावर लागलं. साहेबांची गंमत मी गिळून टाकली होती. निदान तसं मला वाटत होतं.

आठवड्यानं शिपाई वर्गात आला. प्राचार्यांनी बोलावलंय.

केबिनमध्ये प्राचार्य होते आणि खुर्चीत साहेब. मला बसायला सांगितलं नाही.

प्राचार्य मऊ बोलायचे. म्हणाले, "हे बघ, एक निनावी पत्र आलंय. तुझ्या यंत्रातले भाग चोरटे आहेत असं. आमचा काही तुझ्यावर संशय नाही. पण कॉलेजचं नाव आहे. तू असं कर, ती बिलं ऑफिसात जमा कर. साहेब एकदा नीट तपासतील. सही करतील. मग तुलाही त्रास नाही, आम्हालाही नाही."

फाईल माझ्या पिशवीत होती. रोजच असायची. माझा हात पिशवीच्या नाडीकडे गेलासुद्धा.

आणि तिथंच थांबला.

का थांबला ते मला आजही नीट सांगता येत नाही. मोठा विचार वगैरे काही नव्हता. फक्त ते बिल उजेडाला धरणं डोळ्यापुढे आलं. अम्मा भिंतीकडे तोंड करून उभी होती ते आलं. तेव्हा आमच्याकडे कागद नव्हता म्हणून टू-इन-वन गेला, असं अब्बा समजत आले. मीही समजत आले. पण आता माझ्याकडे सगळे कागद होते. भंगारवाल्याचासुद्धा. साहेबांनी ते एकदा तपासले होते, रीतसर म्हणाले होते. तरी मी परत तिथंच उभी होते. म्हणजे कागदाचा प्रश्न कधी नव्हताच.

मी विचारलं, "सर, मकरंदची बिलं जमा झाली का?"

प्राचार्यांनी साहेबांकडे बघितलं. "त्याचा इथं काय संबंध?"

"त्याचा कॉम्प्युटर तर परदेशातून आलाय. माझा इथलाच आहे."

"अगं, त्यांचं घराणं आम्हाला माहिती आहे," साहेब म्हणाले.

"माझंही घर इथंच आहे. भाट्याच्या पुलाकडे जाताना लागतं."

"उद्धटपणा नको," साहेब म्हणाले. आवाज बदलला होता. गंमत संपली होती. "तुझ्या भल्यासाठी सांगतायत ते. बिलं असली तर दाखव, नसली तर तसं सांग."

मी म्हणाले, "बिलं आहेत. दाखवणार नाही."

माझाच आवाज मला परका वाटला. मी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

"आधी मकरंदला बोलवा. त्याची बिलं बघा, त्याला उभं करा. मग माझी मागा."

"दाखवली नाहीस तर संशय येणारच," प्राचार्य म्हणाले. आता तेही मऊ नव्हते.

"तो आधीच आलाय, सर. दाखवल्यावरसुद्धा गेला नाही."

मी बाहेर पडले. कुणी जा म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावरून माझं नाव पुसलेलं होतं. मकरंदचं नाव तसंच. तो माझ्याकडे आला. म्हणाला, "मी पत्र नाही पाठवलं हं. खरंच." मी म्हटलं, "मग कोल्हापूरला जाऊ नकोस." तो कोल्हापूरला गेला. पत्र कुणाचं ते मला कधीच कळलं नाही. बरेच दिवस मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत फिरले. हा असेल, ही असेल. प्रॅक्टिकलचे सर असतील. एकदा तर वाटलं, पत्र आलंच नसेल. मग लक्षात आलं, हे शोधत बसणं म्हणजेही त्यांचंच काम मी करतेय. त्यांनी मला संशयात उभं केलं, आणि मी साऱ्या गावाला संशयात उभं करत होते. सोडून दिलं.

घरी कठीण झालं. अब्बा इतके चिडलेले मी कधी बघितले नव्हते.

"कागद होता ना हातात? दाखवायला काय जात होतं तुझं?"

"तुम्ही किती वर्षं दाखवताय, अब्बा? कुणी एकदा तरी म्हणालं का, बस, आता पुरे?"

अब्बा उठून पडवीत गेले. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला बसायचे, माझ्या ताटाकडे बघायचे नाहीत. त्यांना राग होता की भीती, ते मला तेव्हा कळत नव्हतं. आता वाटतं, भीतीच होती. जीप येईल याची. पुढे आयुष्यभर तिच्याच आवाजाकडे कान लावून ते झोपले.

जीप आली नाही. एक हवालदार आला, सायकलवरून. "ते टीव्हीला जोडायचं यंत्र कुठाय? वायरलेस आहे म्हणे." अब्बा फाईल आणायला आत वळले. मी दारात उभी राहिले. म्हणाले, "तक्रार कुणाची आहे, कशाची आहे, लिहून आणा. मग बोलू." त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. पाणी मागितलं. अम्मानं दिलं. प्यायला आणि गेला. परत आला नाही. पण तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत माझा हात चौकटीवरून सुटला नव्हता.

त्याच आठवड्यात मी भाईला लिहिलं. मेमरीच्या चिपा आण. चांगल्या, भरपूर. आणि नवा की-बोर्ड, सगळी बटणं असलेला. विमानतळावर जे भरायचं ते भर, जे बाकीचे भरतात तेच. कपड्यांत गुंडाळू नकोस. माझा कॉम्प्युटर मी अब्बांच्या भीतीला विचारून जोडला होता. हळू प्रोसेसर, अर्धी मेमरी, बटणं गेलेला की-बोर्ड. जास्त पैसे मोजले आणि कमीत कमी चालणारा कॉम्प्युटर घेऊन आले. कारण काय, तर पुढे कुणा साहेबानं मला चांगलं म्हणावं.

भाई ईदला आला. आम्ही त्याला घ्यायला एसटी स्टँडवर गेलो. अब्बांनी सवयीनं रिकामी पिशवी आणली होती. मी की-बोर्डाचं खोकं हातात घेतलं, परदेशी अक्षरं बाहेरच्या बाजूनं. अब्बा म्हणाले, "रिक्षा करू." मी म्हटलं, "नको. बाजारातून चालत जाऊ." अब्बांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग माझ्या मागून चालायला लागले. शेजारून नाही. मागून. तेवढंच त्यांना जमलं.

लोक बघत होते. बघू देत.

त्या वाटेवर मी मनाशी जे ठरवलं ते पुढे कधी मोडलं नाही. जे शेजारच्या टेबलाला विचारत नाहीत, ते मला विचारलं तर मी उत्तर देणार नाही. कागद असला तरी नाही. गमतीनं विचारलं तरी नाही, भल्यासाठी विचारलं तरी नाही. नोकरीच्या मुलाखतीत नाही, घर भाड्यानं घेताना नाही. त्यापायी नाव पुसलं जाईल, दार बंद होईल. होऊ दे. मी निर्दोष आहे हे सिद्ध करायला यापुढे कुणाच्याही टेबलापुढे उभी राहणार नाही.